सेट (इंग्रजी शब्द)

सेट : इंग्रजी भाषेतील एक अगदी छोटा शब्द. नाम, क्रियापद व विशेषण अशा तिन्ही प्रकारे तो वापरला जातो आणि तिन्ही ठिकाणी त्याचे रूप तेच राहते. क्रियापदाचा भूतकाळही ‘सेट’च. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती : सुमारे ६०,००० शब्द, नुसत्या क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ आणि जोडशब्द व वाक्प्रचार धरून ५८०. तिसऱ्या आवृत्तीचे काम एम या अक्षरापासून सुरू झाले, तेव्हा हा मान क्रमाने ‘मेक’ (२०००), ‘पुट’ (२००७) व ‘रन’ (२०११, ६४५ अर्थ) या क्रियापदांकडे गेला. लोकप्रिय लेखनात मात्र आजही सेटचेच नाव येते. अशा आकड्यांना फार महत्त्व देऊ नये. कोशकार एक अर्थ कोठे तोडतो आणि पुढचा कोठे सुरू करतो, यावर ते ठरतात. सेटच्या बाबतीत मुळात मोजणीचे एककच संशयास्पद आहे, कारण हा निदान दोन शब्दांचा संगम आहे.

व्युत्पत्ती : क्रियापदाचे मूळ निर्विवाद आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘सेट्टन’ हे ‘बसणे’ या अर्थाच्या धातूचे प्रयोजक रूप; गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘सत्यन’, जर्मनमध्ये ‘झेत्सन’. मूळ इंडो-यूरोपीय धातू ‘सेद्’. त्यापासूनच संस्कृतात सद्, सीदति व प्रयोजक सादयति ही रूपे आली. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे शब्द याच कुळातले. प्रयोजक करण्याची रीत मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. आपण पडणे–पाडणे, मरणे–मारणे असा स्वर बदलतो, तशीच ‘सिट’–‘सेट’ ही जोडी आहे. जर्मानिक शाखेत (इंग्रजी, जर्मन इ. भाषांच्या कुळात) पुढच्या अक्षरातील य-काराच्या प्रभावाने अ चा ए झाला आणि नंतर तो य-कार गळून पडला. धातूच्या शेवटी आधीच ट असल्याने भूतकाळाचा प्रत्ययही त्यातच विरघळला. ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’ यांचेही असेच आहे.

‘समूह, जुळणारा गट’ या अर्थाच्या नामाचे मूळ मात्र वेगळे आहे. ते प्राचीन फ्रेंच ‘सेत’ आणि त्यामागील लॅटिन ‘सेक्ता’ (अनुयायी, परिवार, पंथ) यांच्याकडे जाते. इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते धार्मिक पंथ या अर्थाने आढळते, वस्तूंचा संच या अर्थाने साधारण पंधराव्या शतकाच्या मध्यापासून. वाद आहे तो ‘सेक्ता’विषयी. जुन्या काही कोशांनी ते ‘कापणे’ या अर्थाच्या ‘सेकारे’पासून काढले : मुख्य प्रवाहातून कापून निघालेला तो पंथ. अर्थ मोहक असला तरी ‘मागोमाग जाणे’ या अर्थाच्या ‘सेक्वी’ धातूकडे अलीकडच्या अभ्यासकांचा कल आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये सेक्ताचा ‘लवाजमा’ हा अर्थ रूढ होता, हे लक्षात घेता तोच अधिक ग्राह्य ठरतो. सेक्वीचा संस्कृत सगोत्री सच् (सोबत असणे). ‘सचिव’ म्हणजे मूळचा सोबती, तो यातूनच. पुढे इंग्रज भाषकांना ही दोन मुळे वेगळी जाणवेनाशी झाली आणि ‘संच’ म्हणजे ‘एकत्र मांडून ठेवलेले’ असे क्रियापदाशी नाते जोडले गेले.

सूर्यास्ताला सेट का म्हणावे, हेही कोडेच आहे. बसवणाऱ्या क्रियापदाला येथे कर्म नाही. काहींच्या मते हा ‘सिट’शी झालेला घोळ, काहींच्या मते लोप पावलेले आत्मवाचक रूप (सूर्य ‘स्वतःला बसवतो’, अशा धर्तीचे). आइसलँडिकमध्ये सूर्याबद्दल असे आत्मवाचक रूप आजही वापरतात, त्यामुळे दुसरे मत बळकट दिसते. प्राचीन इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेट्लगांग’, म्हणजे आसनाकडे जाणे, असे नाव होते.

अर्थविस्तार : क्रियापदाच्या बहुतेक अर्थांना मराठीत ‘बसवणे’ पुरते. खडा कोंदणात बसवतात, निखळलेले हाड बसवतात, विस्कटलेली घडी बसवतात. पदार्थ थिजण्याच्या अर्थाशी मात्र ते थांबते : दही आपल्याकडे ‘लागते’. बांधकामावर सिमेंट ‘सेट होते’ असेच म्हणतात, आणि ते घट्ट होणे व बळकट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेट होण्याचा वेळ मोजण्याच्या व्हिका उपकरणात १ चौ. मिमी. छेदाची सुई सिमेंटच्या लगद्यात सोडतात. ती तळापासून सुमारे ५ मिमी. वर अडू लागली, की प्रारंभिक सेट झाला असे धरतात. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटला यासाठी किमान ३० मिनिटे लागली पाहिजेत आणि अंतिम सेट ६०० मिनिटांच्या आत व्हावा लागतो. बळकटी त्यानंतर कित्येक दिवस वाढत राहते.

गणितातील अर्थ बराच उशिराचा. जर्मन गणितज्ञ गेओर्ग कँटर (१८४५–१९१८) यांच्या १८७४ च्या शोधनिबंधापासून संच सिद्धांताचा आरंभ मानतात. त्यांचा जर्मन शब्द ‘मेंगं’. इंग्रजीत त्यासाठी आधी ‘ॲग्रिगेट’ही चालत असे, १९१५ च्या कँटर यांच्या इंग्रजी भाषांतरात तोच आहे. गंमत अशी, की मागोमाग जाण्यातून आलेल्या या शब्दाला गणितात क्रमाचे सोयरसुतक नाही. रोजच्या व्यवहारात सहा कपांतला एक फुटला की सेट मोडतो. गणितात एक घटक वगळला की दुसरा, तितकाच पूर्ण संच मिळतो, आणि सगळे वगळले तरी रिक्त संच उरतो.

टेनिसमध्ये सहा गेम व दोनची आघाडी म्हणजे सेट. टायब्रेक (बरोबरी फोडणारा निर्णायक गेम) नसलेला पाचवा सेट किती लांबू शकत असे, हे २०१० च्या विम्बल्डनमधील इस्नर–माहू सामन्याने दाखवले (७०–६८). नाटक-चित्रपटांचे नेपथ्य, व्यायामातील आवर्तने इ. अर्थ परिचित आहेत. बॅजर या प्राण्याचे बीळ, फरसबंदीचा घडीव ग्रॅनाइट दगड व टार्टन या स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाची चौकट हे अर्थ इंग्रजीत बहुधा दोन टींनी लिहितात. देवनागरीत हा भेद दिसत नाही.

मराठीत : नाम म्हणून दागिन्यांचा सेट, डिनर सेट, टीव्ही सेट, क्रियापद म्हणून खेळपट्टीवर सेट झालेला फलंदाज किंवा पुण्यात नोकरीला लागून सेट झालेला मुलगा. ‘सेटिंग’ला संगनमताची छटा आली आहे. गणिताच्या पाठ्यपुस्तकांनी ‘संच’ स्वीकारला, घरात मात्र दोन्ही चालतात. सहायक प्राध्यापक (पूर्वीचे अधिव्याख्याता) पदासाठीची सेट परीक्षा ही केवळ इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी होय. महाराष्ट्र व गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. ‘शेठ’ हा शब्द श्रेष्ठिन् पासून आलेला असून त्याचा येथे संबंध नाही.