वजाचे चिन्ह दिसले म्हणून असमानता उलटत नाही

असमानता म्हणजे एक बाजू दुसरीपेक्षा लहान किंवा मोठी आहे असे सांगणारे गणितातले विधान. ‘असमानता सोडवताना वजाचे चिन्ह दिसले की < चे > करावे’ हा नियम सोलापुरात शिकवणीच्या वह्यांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून फिरत असतो. तो अर्धाच खरा आहे, आणि त्यात एक खरा नियम मिसळलेला असल्यामुळेच तो पटतो.

चादरीच्या क्ष रुपये किमतीतून ५० रुपये सूट वजा केल्यावरही ती ४०० रुपयांहून अधिक राहते, म्हणजेच क्ष − ५० > ४००, असे समजू. दोन्ही बाजूंत ५० मिळवल्यास क्ष > ४५० मिळते; दोन्ही बाजू सारख्याच सरकल्याने असमानतेचे चिन्ह बदलत नाही. दोन्ही बाजूंत एकच संख्या मिळवताना, वजा करताना किंवा दोन्ही बाजूंना तिने गुणताना-भागताना ते उलटते केवळ ऋण संख्येने गुणल्यास किंवा भागल्यास, कारण २ < ५ असले तरी −२ > −५ असते. म्हणून −२क्ष < ६ चे उत्तर क्ष > −३. क्ष = ० ठेवून पाहावे: ० < ६, खरे. क्ष = −४ ठेवल्यास ८ < ६, खोटे.