बटण डुप्लिकेट नाही, पिन अधांतरी आहे

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेलं बटण आर्डुइनो उनोला (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला) जोडलं आणि हात न लावताच एलईडी लुकलुकायला लागला, की निदान ठरलेलं: ‘माल डुप्लिकेट आहे.’ मुंबईतल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये हे वर्षानुवर्षं चालत आलंय. दुकानदार बिचारा फुकट बदनाम.

दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो. बटण सोडलं की बोर्डाची पिन (बटण जिथे जोडतो ते टोक) आपोआप शून्यावर येते, हा समजच चुकीचा. तेव्हा ती कशालाच जोडलेली नसते. तिचा रोध इतका प्रचंड, की शेजारच्या वायरींतला ५० हर्ट्झचा विजेचा गोंगाट किंवा नुसतं जवळ नेलेलं बोटही तिला हाय-लो (५ व्होल्ट-शून्य) नाचवतं.

उपायाला पैसे लागत नाहीत. प्रोग्राममधल्या पिनमोड या आज्ञेत ‘इनपुट’ऐवजी ‘इनपुट पुलअप’ (INPUT_PULLUP) लिहा. चिपमधलाच २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडा. आता दाबल्यावर ‘लो’ मिळेल, तेव्हा प्रोग्राममधली अट उलटी करायला विसरू नका.

एका दाबात दिवा दोनदा बदलत असेल, तर ते दुखणं वेगळं: बटणातले संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात. प्रोग्राममध्ये ५० मिलिसेकंद थांबून पिन पुन्हा वाचा.