सॉफ्टवेअर विकासपद्धती (व्यवसायप्रणालींच्या संदर्भात)

पगार, साठा, बिले, ठेवी, कर्जे असे एखाद्या संस्थेचे रोजचे व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर कोणत्या क्रमाने समजून घ्यायचे, लिहायचे, तपासायचे आणि वापरात आणायचे, याची ठरवून घेतलेली रीत म्हणजे विकासपद्धती. त्या कामासाठी लागणारी माणसे, वेळ आणि पैसा यांचा मेळ घालणे म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन. अभ्यासक्रमात ही दोन वेगळी प्रकरणे असतात. प्रत्यक्ष कामात एकाला हात लावला की दुसरे हलतेच. पद्धतींची नावे पुष्कळ आहेत : वॉटरफॉल, स्पायरल, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, स्क्रम, कानबान. नावे बाजूला ठेवली तर त्यांच्यातला खरा फरक एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो. आपण काम चुकीचे समजून घेतले होते, हे कळते कधी आणि तोवर किती पैसा खर्च झालेला असतो?

अडचण कुठे असते

व्यवसायप्रणालीत गणित क्वचितच अवघड असते. अवघड असतात ते नियम, आणि त्यांतले बरेचसे कुठेही लिहिलेले नसतात. पतसंस्थेची पिग्मी ठेव घ्या. एजंट दिवसभर दुकानोदुकानी फिरून रक्कम गोळा करतो, हातातल्या छोट्या यंत्रावर पावती काढून देतो आणि संध्याकाळी शाखेत येऊन भरणा करतो. संस्थेने दिलेल्या रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे मागण्यांच्या यादीत, यासाठी एकच ओळ असते : ‘पिग्मी भरणा संबंधित खात्यांना जमा व्हावा.’ आता एजंट शाखेत पोचेपर्यंत डे-एंड, म्हणजे त्या दिवसाचा हिशेब बंद करण्याचे काम, होऊन गेला असेल तर जमा कोणत्या तारखेला दाखवायची? पावती शनिवारची आणि भरणा सोमवारचा असेल तर व्याज कोणत्या दिवसापासून? यंत्रावरची बेरीज आणि मोजलेली रोकड यांत दहा रुपयांचा फरक आला तर तूट कोणाच्या नावे टाकायची? ठेवीदाराने मुदतीआधी खाते मोडले तर एजंटला दिलेल्या कमिशनचे काय करायचे? काउंटरवरच्या जुन्या क्लार्कला या चारही प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ असतात. पण ‘तुमची कामाची पद्धत सांगा’ असे विचारले तर यांतले एकही त्यांच्या बोलण्यात येत नाही, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखे काही नसते. विश्लेषकाने एक पूर्ण संध्याकाळ त्या काउंटरमागे बसून काढली, तर चारही गोष्टी डोळ्यांसमोर घडतात. मीटिंगमध्ये मात्र त्या निघत नाहीत.

पहिली व्यवसायप्रणाली ज्यांनी उभी केली त्यांना हे ठाऊक होते. लंडनमध्ये चहागृहे आणि बेकऱ्या चालवणाऱ्या जे. लायन्स अँड कंपनीने केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकाच्या धर्तीवर स्वतःसाठी ‘लिओ’ नावाचा संगणक बांधला. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचे मूल्यांकन नियमितपणे होऊ लागले. संगणकाने केलेले हे जगातले पहिले नेहमीचे व्यावसायिक काम मानले जाते. डेव्हिड कॅमिनर यांच्या नेतृत्वाखालील गटाने पुढे चहागृहांना रोज माल पाठवण्याचे काम हाती घेतले. प्रत्येक चहागृहाच्या व्यवस्थापिकेची एक ठरलेली ऑर्डर नोंदवून ठेवलेली असे. तिने रोज सगळी यादी सांगायची नाही, उद्यासाठी त्यात जो बदल असेल तेवढाच फोनवरून कळवायचा. ऐकणारी ऑपरेटर तो थेट कार्डावर पंच करी. ही युक्ती यंत्रातून निघालेली नव्हती. कोणाचा किती वेळ कशात जातो हे आधी नीट पाहिले होते, म्हणून ती सुचली.

वॉटरफॉल आणि त्याभोवतीचा गैरसमज

१९६० च्या दशकात संगणक झपाट्याने मोठे झाले आणि त्यांवरची कामे मुदती व अंदाजपत्रके ओलांडू लागली. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत या परिस्थितीची उघड चर्चा झाली, आणि ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव तिथून रूढ झाले.

ऑगस्ट १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींच्या व्यवस्थापनावर एक छोटा निबंध सादर केला. त्यातल्या एका आकृतीत गरजा, विश्लेषण, आराखडा, कोडिंग, टेस्टिंग आणि वापर हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक उतरत जातात. हीच आकृती पुढे वॉटरफॉल, म्हणजे धबधबा, म्हणून जगभर गेली. धबधबा हा शब्द रॉइस यांचा नाही. १९७६ मधल्या दुसऱ्या एका निबंधात तो आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही रचना जोखमीची आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारी आहे, असे रॉइस यांनी त्याच निबंधात स्पष्ट लिहिले होते. टेस्टिंग शेवटी येते आणि प्रणाली प्रत्यक्षात कशी वागते हे तिथेच पहिल्यांदा कळते, हा त्यांचा आक्षेप होता. त्यावर त्यांनी उपायही सुचवले : ग्राहकाला सुरुवातीपासून सोबत घ्या, आणि तीस महिन्यांचे काम असेल तर आधी दहा महिन्यांत एक छोटी नमुना प्रणाली करून पाहा, म्हणजे ग्राहकाच्या हाती पडेल ती दुसरी आवृत्ती असेल. आकृती उचलली गेली, खालचा मजकूर मागे राहिला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८५ च्या मानकाने टप्प्याटप्प्याच्या कामाला जवळजवळ सक्तीचे रूप दिले, आणि १९९४ मध्ये नवे मानक आणून ती पकड सैल करावी लागली. एका निबंधाच्या अर्धवट वाचनाची इतकी मोठी किंमत क्वचितच कुणी मोजली असेल.

तरीही वॉटरफॉल सरसकट टाकाऊ ठरवणे अन्यायाचे होईल. नियम कायद्याने ठरलेले असतील, ते मध्येच बदलणार नसतील आणि करणाऱ्यांनी तसलेच काम आधी दोन-तीनदा केलेले असेल, तर सरळ टप्प्यांनी जाणेच स्वस्त पडते.

फेऱ्याफेऱ्यांनी काम

बॅरी बोहम यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या स्पायरल पद्धतीत प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला सर्वांत मोठी जोखीम कोणती, हे ठरवून तिलाच आधी हात घालतात. विचार फार मोलाचा होता, पण रोजच्या कामात तो उतरला तो पुढच्या दशकात.

क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारप्रणालीचा प्रकल्प अडकलेला असताना १९९६ मध्ये प्रोग्रॅमर केंट बेक यांना तिथे बोलावले गेले. त्या कामातून एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही पद्धत घडली : दोघांनी मिळून एका यंत्रावर कोड लिहायचा, कोडसोबत त्याच्या टेस्टही लिहायच्या, आणि पगाराचे नियम जाणणारी व्यक्ती गटातच बसलेली असायची. १९९७ मध्ये सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचे मासिक पगार या प्रणालीवर निघू लागले. मात्र सर्व कर्मचारी तिच्यावर आणण्याचे उद्दिष्ट साधले नाही आणि २००० मध्ये प्रकल्प बंद झाला. म्हणजे ज्या प्रकल्पातून एवढी प्रभावी पद्धत जन्माला आली, तो स्वतः पूर्णत्वाला गेला नाही. पद्धत शिकवताना ही गोष्ट बहुधा वगळली जाते. ती सांगायलाच हवी.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे सतरा जण जमले आणि त्यांनी अजाईल जाहीरनामा लिहिला. त्याचा गाभा असा की, प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसे व त्यांचा संवाद, भारंभार कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, करारातल्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाची साथ आणि आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे, यांना अधिक महत्त्व द्यावे. कमी महत्त्वाच्या बाजूलाही मोल आहे, असे त्यातच नमूद आहे. ‘आम्ही अजाईल आहोत, डॉक्युमेंट करत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ती ओळ पुन्हा वाचावी.

आज सर्वांत जास्त चालणारी पद्धत म्हणजे स्क्रम. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये जपानी कंपन्यांच्या उत्पादनविकासाची तुलना रग्बीच्या खेळाशी केली होती, तिथून हे नाव आले. जेफ सदरलंड आणि केन श्वेबर यांनी १९९५ मध्ये ती सॉफ्टवेअरसाठी मांडली. काम एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीच्या स्प्रिंटमध्ये विभागतात. भारतीय कंपन्यांत बहुधा दोन आठवड्यांचा स्प्रिंट असतो. रोज पंधरा मिनिटांची बैठक, शेवटी तयार झालेल्या भागाचा डेमो आणि मग कुठे अडले याचा गटापुरता आढावा, ज्याला सगळे ‘रिट्रो’ म्हणतात. कोणते काम आधी घ्यायचे हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो. ही भूमिका नावापुरती भरली, तर बाकीचे सगळे विधी पाळूनही स्क्रम पोकळ राहते. पिग्मीच्या उदाहरणात प्रॉडक्ट ओनर म्हणून आयटी विभागातला कोणी असेल आणि काउंटरवरचा क्लार्क डेमोला आलाच नाही, तर दर दोन आठवड्यांनी आपण आपलीच पाठ थोपटत राहतो.

एकाच संस्थेने दोन्ही मार्ग आजमावल्याचे उदाहरण अमेरिकेच्या एफबीआयचे आहे. तपासाच्या फायली संगणकावर आणण्याची तिची पहिली प्रणाली आठशेहून अधिक पानांच्या मागणीपत्रकावर उभी होती. मागण्या बदलत राहिल्या आणि सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये ती सोडून द्यावी लागली. तिच्या जागी घेतलेला ‘सेंटिनल’ प्रकल्पही रेंगाळला. २०१० मध्ये संस्थेने काम स्वतःकडे घेऊन लहान गट आणि छोटे स्प्रिंट अशी रचना केली आणि जुलै २०१२ मध्ये प्रणाली सुरू झाली. याचे सगळे श्रेय स्क्रमला देऊ नये. आधीच्या वर्षांत मिळालेले धडेही गाठीशी होते.

व्यवस्थापनाची मूलतत्त्वे

कामाची व्याप्ती, वेळ आणि खर्च या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. तिन्ही आधीच पक्क्या केल्या की पुढची ओढाताण दर्जावर येते. तुळया आडव्या मांडून वेळापत्रक दाखवणारा तक्ता हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जातो. कोणत्या कामावर कोणते अवलंबून आहे हे शोधून काढणारी क्रिटिकल पाथ पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपॉन्ट कंपनीत, तर पर्ट ही तिची जुळी पद्धत १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात तयार झाली.

क्रिटिकल पाथ म्हणजे कामांची सर्वांत लांब साखळी. समजा, नव्या स्क्रीन तयार व्हायला चार आठवडे लागतात आणि जुन्या नोंदी साफ करायला सहा : एकाच सभासदाची दोन खाती, वारसाची रिकामी जागा, ‘पाटील’ तीन प्रकारे लिहिलेले. मग प्रोग्रॅमर वाढवून स्क्रीन तीन आठवड्यांत आणल्या तरी प्रणाली एक दिवसही आधी सुरू होत नाही. व्यवसायप्रणालीत ही लांब साखळी फार वेळा डेटाची असते आणि आराखड्यात नेमकी तीच एका ओळीत उरकलेली असते.

अंदाजासाठी पर्टमध्ये तीन आकडे घेतात. सगळे सुरळीत झाले तर ४ दिवस, साधारणपणे ६, सगळे बिघडले तर १४. मधल्याला चौपट वजन देऊन बेरजेला सहाने भागले की ७ दिवस येतात. सूत्रापेक्षा तिसरा आकडा विचारला जाणे जास्त उपयोगाचे, कारण काय बिघडू शकते हे प्रोग्रॅमर तेव्हाच मोकळेपणाने सांगतो.

उशीर झाला की माणसे वाढवावीत, हा सगळ्यांना सुचणारा उपाय. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाचे प्रमुख राहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये नेमका उलट निष्कर्ष मांडला : उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे घातली की तो आणखी लांबतो. पाच जणांत आपसातल्या संवादाच्या दहा जोड्या होतात, दहा जणांत पंचेचाळीस. शिवाय नव्याला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो.

करार आणि पद्धत

महाराष्ट्राचा या क्षेत्राशी जुना संबंध आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली. परदेशी ग्राहकांसाठी काम करताना भारतीय कंपन्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातील संस्थेने तयार केलेले सीएमएम हे, कंपनीची कामाची रीत किती पक्की आहे ते दाखवणारे, पाच पातळ्यांचे मोजमाप उत्साहाने स्वीकारले. हजारो मैलांवरच्या ग्राहकाला विश्वास वाटावा म्हणून कागदोपत्री शिस्त आवश्यक होती, आणि ती शिस्त हे या पिढीचे खरे कर्तृत्व आहे.

पद्धत निवडण्याचे स्वातंत्र्य मात्र बहुधा करार ठरवतो. फिक्स्ड प्राइस कामात व्याप्ती आधीच बांधलेली असते आणि प्रत्येक बदलासाठी सीआर, म्हणजे चेंज रिक्वेस्ट, काढावी लागते. तासांवर पैसे मिळणाऱ्या कामात बदल सहज होतात, पण एकूण खर्च किती हे ग्राहकाला आधी कळत नाही. सरकारी निविदांत व्याप्ती आणि किंमत आधीच ठरते. अशा करारावर स्क्रमचे शब्द चढवले तर हिंजवडीत संध्याकाळी, अमेरिकेची सकाळ धरून, रोज स्टँडअप, म्हणजे ती पंधरा मिनिटांची बैठक, होतो, पण काय करायचे ते सहा महिन्यांपूर्वीच सही होऊन ठरलेले असते. यात गटाचा दोष नाही. चूक करार लिहिताना झालेली असते.

बदलाचा दिवस

जुन्याकडून नव्याकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. एका रात्रीत सगळे बदलायचे, किंवा काही काळ दोन्ही शेजारी शेजारी चालवायचे. दुसऱ्याला पॅरलल रन म्हणतात. त्यात कर्मचाऱ्यांवर दुप्पट काम पडते, तक्रारी होतात, आणि दुसऱ्या आठवड्यातच ‘आता पुरे’ असा दबाव येतो. तो सहन करावा. दिवसअखेरीला दोन्हीकडची तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांचा गोषवारा, समोरासमोर ठेवून फरक आलेल्या प्रत्येक ओळीचे कारण लिहून काढणे, ही कोणत्याही टेस्टिंगपेक्षा कडक परीक्षा आहे. पिग्मीचा शनिवार-सोमवारचा प्रश्न इथे हमखास सापडतो : एका खात्यावर दोन दिवसांच्या व्याजाचा, काही पैशांचा फरक. तो ‘राउंडिंग’ म्हणून सोडून न देता क्लार्कला बोलावून विचारले की नियम बाहेर येतो.

गो-लाइव्हनंतर, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष वापरात आल्यावर, गट पांगतो आणि प्रणाली सपोर्टकडे जाते. पतसंस्था आणि बँकांच्या बाबतीत ही घाई ठरते. वर्षअखेरची व्याजाची तरतूद, लाभांश असे वर्षातून एकदाच चालणारे भाग तोवर कुणी खऱ्या आकड्यांवर चालवलेले नसतात. म्हणून कामाचा आराखडा करताना मूळ गटातले किमान दोघे पहिल्या ३१ मार्चची वर्षअखेर पार पडून ताळेबंदावर सह्या होईपर्यंत राखून ठेवतात.