विषुववृत्तावरची दोन वादळी विद्युत क्षेत्रं: एक आत शिरतं, दुसरं वाऱ्यातून उपजतं

भूचुंबकीय वादळात, म्हणजे सौरवाऱ्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं तेव्हा, चुंबकीय विषुववृत्तावरचं आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) एकदम वर उचललं गेलं किंवा खाली दबलं, की ‘वादळामुळे विद्युत क्षेत्र बदललं’ एवढं म्हणून आपण पुढे जातो. पण कोणतं क्षेत्र? तिथे दोन असतात, आणि आयनांबराच्या संगणकीय प्रारूपाचं गणित याच प्रश्नावर अडतं.

पहिलं बाहेरून शिरतं. सौरवाऱ्यातलं, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतातलं, चुंबकीय क्षेत्र अचानक दक्षिणेकडे वळलं, की ध्रुवीय भागातला विद्युतदाब वाढतो. एरवी पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाच्या (अवकाशात पृथ्वीला वेढणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या) आतल्या कडेचा विद्युतभार खालच्या अक्षांशांवर ढाल धरून असतो, पण या ढालीला सावरायला वेळ लागतो. तेवढ्या अवधीत विद्युत क्षेत्र काही मिनिटांत विषुववृत्त गाठतं. दिवसा ते पूर्वेकडे असतं, त्यामुळे प्लाझ्मा (आयनांबरातला विद्युतभारित वायू) वर चढतो. मीटरमागे एक मिलिव्होल्टची वाढ झाली, तरी वर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 40 मीटरने वाढतो. तासाभर हे टिकलं तर शंभरहून जास्त किलोमीटर! वर गेलेला प्लाझ्मा मग चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना घसरतो. त्यातून होणारे दाट पट्टे एरवी विषुववृत्तापासून साधारण 15 अंशांवर असतात. वादळात ते आणखी दूर सरकतात.

दुसऱ्याला घाई नसते. ध्रुवीय भागात तापलेली हवा विषुववृत्ताकडे वाहू लागते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे पश्चिमेकडे वळते आणि हे वारे डायनामोसारखे वीज निर्माण करतात. ब्लांक आणि रिचमंड यांनी 1980 मध्ये ही यंत्रणा मांडली. हे क्षेत्र काही तासांनी जाणवतं, दिवस-दोन दिवस रेंगाळतं आणि दिशेने उलटं असतं: दिवसा पश्चिमेकडे, रात्री पूर्वेकडे.

मग नुसती दिशा पाहून ओळखावं का? इथेच फसायला होतं. सौरवाऱ्याचं क्षेत्र परत उत्तरेकडे वळलं, की आता गरजेपेक्षा बळकट झालेली ढाल स्वतःच दिवसा पश्चिमेकडचं क्षेत्र उभं करते. रडारवर हे हुबेहूब डायनामोसारखं दिसतं. म्हणून मी आधी घड्याळ बघते. सौरवाऱ्याच्या क्षेत्राचं वळण आलं आणि लगेच झटका बसला, तर ती ढाल. वळण नसताना आयनांबर तासन् तास दबलेलं राहिलं, तर वारे.

17 मार्च 2015 च्या वादळात डीएसटी निर्देशांक (वादळाची तीव्रता सांगणारा आकडा; जितका उणे, तितकं वादळ मोठं) उणे 220 नॅनोटेस्लाच्याही खाली गेला होता. भारतीय रेखांशांवर त्या संध्याकाळी शिरलेल्या क्षेत्राने आयनांबर उचललं, तर दुसऱ्या दिवशी डायनामोने ते दाबून धरलं आणि दाट पट्टे विरळ झाले.

टीआयईजीसीएमसारखं वरच्या वातावरणाचं आणि आयनांबराचं संगणकीय प्रारूप वाऱ्यांचा डायनामो स्वतः घडवतं. शिरणारं क्षेत्र मात्र त्याला आतल्या चुंबकांबराच्या (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाखालच्या अवकाशाच्या) प्रारूपाकडून पुरवावं लागतं. ते न जोडता, पहिल्या काही तासांचा आलेख जुळावा म्हणून वारे वाढवले, तर दुसऱ्या दिवशी आयनांबर अवास्तव दबलेलं दिसतं.