फ्लूची लस घेतली की फ्लूच होतो?

“फ्लूची लस टोचली की फ्लूच होतो” हा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर पावसाळा आला की फिरतो. मेडिकलच्या मुलांच्या तोंडीही तो ऐकू येतो. वॉर्डात रुग्णांजवळ वावरणाऱ्यांनी तरी ही लस टाळू नये, असं माझं मत.

दंडात टोचायच्या फ्लूच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. बहुतेक लसींसाठी तो कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मग रसायनाने मारून त्याचे तुकडे करतात. मेलेला विषाणू वाढत नाही, म्हणून आजारही देत नाही. (नाकात फवारायची लस वेगळी, तिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो.)

मग लोक आजारी का पडतात? दंड दुखणं, कणकण, अंगदुखी हे एक-दोन दिवस होऊ शकतं. ती शरीराची लसीला दिलेली प्रतिक्रिया. शिवाय संरक्षण तयार व्हायला साधारण 2 आठवडे लागतात. आपल्याकडे झड लागल्यावर घरोघरी खोकला सुरू होतो, तेव्हा लस घेणारा त्याच आठवड्यात दुसऱ्याकडून फ्लू घेऊ शकतो. साध्या सर्दीचे विषाणू तर निराळेच, त्यांच्यावर ही लस चालत नाही. घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण तो गंभीर होण्याची शक्यता कमी होते.

खात्री करायची तर मेडिकल दुकानात लसीच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी मागा. तिच्यावर ‘इनॲक्टिव्हेटेड’, म्हणजे निष्क्रिय केलेली, असं छापलेलं असतं. कोणत्या हंगामासाठीची लस आहे तेही तिथेच पाहा. विषाणू बदलतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते.