कवितांची जोडी लावणं (जीसीएसई अँथॉलॉजी)

इंग्लंडमध्ये इयर टेन-इलेव्हनच्या, म्हणजे साधारण १४ ते १६ वयाच्या पोरांना इंग्लिश लिटरेचरच्या जीसीएसई (आपल्या दहावीसारख्या) परीक्षेसाठी एक कवितासंच असतो, त्याला शाळेत सगळे नुसतं अँथॉलॉजी म्हणतात. त्यातल्या कविता सुट्या सुट्या न वाचता एकमेकींशेजारी ठेवून वाचायच्या, त्यांच्यातले धागे शोधायचे, हे शिकवणं म्हणजेच खरं तर ती अँथॉलॉजी शिकवणं. ही नोंद मुख्यतः एक्यूए या परीक्षा मंडळाच्या 'पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट' या गटाबद्दल आहे.

सध्याचा अभ्यासक्रम २०१५ पासून शिकवतात, पहिली परीक्षा २०१७ ला झाली. आधी 'लव्ह अँड रिलेशनशिप्स' आणि 'पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट' असे दोन गट होते, मग 'वर्ल्ड्स अँड लाइव्ह्ज' हा तिसरा आला (पहिली परीक्षा २०२५). प्रत्येक गटात १५ कविता, त्यातला एकच गट शिकायचा. पेपरात एक कविता छापून येते आणि दुसरी मुलाने स्वतः निवडून तिच्याशी तुलना करायची, पुस्तक जवळ नसतं, दुसऱ्या कवितेच्या ओळी आठवणीतूनच लिहायच्या. ३० मार्क, साधारण पाऊण तास. आपल्याकडे दहावीला मराठीत रसग्रहण असतं ना, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, तिथे एका कवितेत खोल उतरायचं असतं. इथे नजर सारखी दोन कवितांमध्ये ये-जा करत राहिली पाहिजे, आणि ज्या पोराला एकेक कविता छान कळलीय त्यालाही हे पहिल्यांदा जड जातं.

सुरुवात कशी करायची यावर शिक्षकांचे दोन पंथ आहेत. काहीजण आधी थीमचा तक्ता देतात, सत्ता, युद्ध, निसर्ग, आठवणी, ओळख, आणि कोणती कविता कोणत्या खान्यात ते भरून घेतात. सोपं पडतं, पण मला स्वतःला हे उलटं वाटतं, कारण खाना आधी दिला की पोरगं कविता वाचतच नाही, फक्त खाना भरतं. दुसरी पद्धत म्हणजे पहिल्या आठवड्यात पंधराच्या पंधरा कविता नुसत्या मोठ्याने वाचायच्या, अर्थ सांगायचा नाही, मग सुट्या ओळी कागदाच्या पट्ट्यांवर देऊन कोणती ओळ कुणाशेजारी बसेल ते पोरांनाच लावू द्यायचं आणि का ते विचारायचं. भिंतीवर कवितांची नावं लावून मध्ये सुतळी ताणतात, आणि प्रत्येक सुतळीवर एक अख्खं वाक्य लिहावं लागतं, नुसता 'युद्ध' एवढा शब्द चालत नाही. थीमचं नाव सगळ्यात शेवटी आलं तरी बिघडत नाही.

एक उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. टेनिसनची 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' १८५४ ची, क्रिमियाच्या युद्धात बालाक्लावाला घोडदळाला चुकीचा हुकूम गेला आणि ते थेट तोफांच्या तोंडी घुसले त्यावरची. टेनिसन तेव्हा राजकवी, कविता 'द एग्झॅमिनर' या साप्ताहिकात आली. (संचातलीच शेलीची 'ओझिमँडियस' पण याच साप्ताहिकात, १८१८ मध्ये.) आता याच संचात गयानात जन्मलेल्या जॉन अगार्डची 'चेकिंग आउट मी हिस्टरी' आहे. शाळेने मला कोणता इतिहास शिकवला आणि कोणता लपवला असं तो विचारतो, आणि त्यात मेरी सीकोल येते, जमैकाची, जखमी सैनिकांची शुश्रूषा करणारी, ब्रिटिशांनी नाही म्हटलं तरी स्वतःच्या हिमतीवर गेलेली. कुठे गेलेली? त्याच क्रिमियाच्या युद्धात! एकाच युद्धातल्या सहाशे स्वारांचा मान राखा असं एक कवी देशाला सांगतो आणि तिथल्याच एका बाईचं नाव वर्गात कधी घेतलंच नाही असं दुसरा सांगतो. हे ज्या मुलीला स्वतःहून सापडेल तिला 'सत्ता म्हणजे कुणाची आठवण ठेवायची ते ठरवणं' हे वाक्य कुणी डिक्टेट करावं लागत नाही. मग ती रचनेकडेही वळते, टेनिसनच्या ओळी घोड्याच्या टापांसारख्या एका ठेक्यात जातात, अगार्ड मात्र शाळेतला इतिहास बालगीतासारख्या यमकात म्हणतो आणि आपली माणसं आली की चाल बदलून मोकळा होतो.

सगळ्यात कच्चा धागा म्हणजे 'दोन्ही कवितांत रूपकं आहेत'. रूपकं कुठे नसतात? धागा तेव्हा पक्का होतो जेव्हा साम्याच्या पोटातला फरक दिसतो. जेन वेअरच्या 'पॉपीज'मध्ये मुलगा सैन्यात जायला घर सोडतो आणि आई मागे राहते. बीट्रिस गार्लंडच्या 'कामिकाझे'मध्ये जपानी वैमानिक असलेला बाप आत्मघाती विमान अर्ध्यातून वळवून जिवंत घरी परततो आणि घरचेच त्याला वाळीत टाकतात, बायको पुन्हा कधी बोलत नाही, मुलंही हळूहळू गप्प होतात. दोन्हीकडे युद्ध घरात शिरलंय, पण एकीकडे जाणं दुखतं, दुसरीकडे परत येणं. तसंच 'ओझिमँडियस'मधला राजा दगडावर विसंबतो आणि वाळूत जातो, तर इम्तियाज धारकर 'टिश्यू'मध्ये पातळ कागदावर भरवसा ठेवतात, ज्यातून उजेड आरपार येतो. (लाहोरला जन्म, ग्लासगोत वाढलेल्या, मुंबईशीही जुनं नातं.) ही जोडी पोरांना अवघड वाटते म्हणून बरेचजण 'टिश्यू' सोडूनच देतात, वाईट वाटतं, कारण संचातली सगळ्यात शांत कविता तीच.

इंग्लंडमधल्या मराठी घरांना यात एक फायदा आहे. लाइट ब्रिगेड शिकणाऱ्या पोराला घरी कुसुमाग्रजांचं 'वेडात मराठे वीर दौडले सात' ऐकवावं. परीक्षेत ते लिहिता येत नाही, तुलना संचातल्याच कवितांची हवी, पण जोडी लावायची सवय इथे फार लवकर लागते. नेसरीला १६७४ मध्ये प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी निघाले, मरण समोर दिसत असताना, अगदी बालाक्लावासारखंच. मग पोराला विचारायचं, हुकूम कुणाचा होता? तिथे वरचा कुणीतरी चुकला आणि शिपायांनी प्रश्न न विचारता घोडे घातले, इथे सेनापतीला महाराजांचे कडक शब्द जिव्हारी लागले होते आणि तो स्वतःच निघाला, कुणी पाठवलं नाही. उत्तर मराठीत आलं तरी चालेल.