क्लाउड सुरक्षा : संस्थांसाठी साधनं आणि पद्धती

भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेला डेटा, ॲप आणि लॉगिन सांभाळायची साधनं आणि शिस्त म्हणजे क्लाउड सुरक्षा. ॲमेझॉनने २००६ मध्ये एस-थ्री (फाइल साठवण), ईसी-टू (भाड्याचं मशीन) आणल्यावर हा धंदा रुळला, भारतात मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरं २०१५ ला आणि ॲमेझॉनचं मुंबई रीजन (डेटा सेंटरांचा गट) २०१६ ला सुरू झालं. गोव्यात या दोघांचं रीजन नाही, म्हणजे पणजीतली पतसंस्था असो की वेर्ण्यातला कारखाना, यांच्याकडे डेटा ठेवला की तो राज्याबाहेरच जातो.

पाया म्हणजे जबाबदारीची वाटणी. इमारत, वीज, हार्डवेअर कंपनी बघते, परवानग्या आणि डेटा ग्राहकाने बघायचा. नुसतं मशीन भाड्याने घेतलं तर ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅचही (सुरक्षेच्या दुरुस्त्या) आपणच मारायचे, तयार ईमेल सेवा घेतली तर ते काम कंपनीचं, पण लॉगिन कोणाला द्यायचं हे कुठल्याच प्रकारात कंपनी ठरवत नाही आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

गोव्यात हे हॉटेलांत लगेच दिसतं. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म भरायचा, त्यासाठी पासपोर्ट-व्हिसा स्कॅन करायचा, आणि कळंगुटच्या एखाद्या गेस्टहाऊसमध्ये तो स्कॅन जातो शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, सेटिंग 'लिंक असेल त्या कोणालाही दिसेल', रिसेप्शनवर सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, वर सीझनपुरती ठेवलेली पोरं पावसाच्या तोंडावर गावी गेली तरी लॉगिन चालूच. उपाय साधे आहेत : माणशी एक लॉगिन, ओटीपी किंवा ॲपची दुसरी पायरी, पगाराचा हिशोब झाला त्याच दिवशी खातं बंद.

ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहे म्हणून कोणावर विश्वास ठेवायचा नाही, दर वेळी तपासायचं, हा 'झीरो ट्रस्ट' विचार नक्की कोणाचा यावर मतभेद आहेत. काही जण स्टीफन मार्श यांच्या १९९४ च्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या प्रबंधापर्यंत मागे जातात, पण तिथे विश्वास ही गणिताने मोजायची गोष्ट आहे, नेटवर्कशी संबंध लांबचा. बहुतेक लेखनात श्रेय फॉरेस्टर या संशोधन कंपनीच्या जॉन किंडरवाग यांना, २०१० च्या आसपासचं. अमेरिकेच्या नीस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ऑगस्ट २०२० चं प्रकाशन मात्र नाव किंडरवाग यांचं मानूनही कल्पना त्याआधीची धरतं, त्यात अमेरिकी संरक्षण खात्याचं काम आणि २००४ चा जेरिको फोरम हा सुरक्षा तज्ज्ञांचा गट येतो, आणि हेच जास्त पटण्यासारखं आहे.

तांत्रिक बाजू कळायला कॅपिटल वन बँकेचं २०१९ चं प्रकरण बघावं. बँकेच्या वेब फायरवॉलचं (बाहेरून येणाऱ्या विनंत्या गाळणाऱ्या यंत्रणेचं) कॉन्फिगरेशन चुकलेलं, त्यामुळे बाहेरच्या व्यक्तीला त्या फायरवॉलच्याच मशीनकडून १६९.२५४.१६९.२५४ या, मशीनला स्वतःची माहिती देणाऱ्या अंतर्गत पत्त्यावर विनंती पाठवून घेता आली, तिथून मशीनच्या रोलच्या (त्याला दिलेल्या परवानग्यांच्या संचाच्या) तात्पुरत्या चाव्या मिळाल्या, आणि त्या रोलला गरजेपेक्षा जास्त परवानग्या असल्याने एस-थ्रीतला सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनेडियन लोकांचा डेटा गेला. एन्क्रिप्शन होतं, पण ज्या मार्गाने शिरकाव झाला त्यातूनच डेटा उघडताही आला, मग कुलूप असून काय फायदा! त्याच वर्षी नोव्हेंबरात ॲमेझॉनने या अंतर्गत पत्त्यासाठी आधी टोकन (तात्पुरता परवाना) मागणारी नवी पद्धत आणली. जुन्या मशीनवर ती सक्तीची केली आहे का, हे आजही आपणच बघायचं.

अशा चुका शोधायला सीएसपीएम (सेटिंग तपासणारं), सीएएसबी (कर्मचारी आणि क्लाउड ॲप यांच्या मध्ये बसणारं) आणि सीम (लॉग, म्हणजे कोणी कधी काय केलं त्याच्या नोंदी, गोळा करणारं) अशी साधनं मिळतात. रोज शेकडो अलर्ट यायला लागले आणि प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं बघणारा आयटीवाला एकटाच असला, तर ते कोणी उघडत नाही. त्यापेक्षा आधी बाहेरून उघडं काय आहे तेवढंच तपासावं.

कायद्यात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सुरक्षेतल्या हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो, आणि काम दुसऱ्या कंपनीकडे दिलं तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेल या नोंदी ठेवणाऱ्या सेवेमध्ये मुळात दिसणारा इतिहास ९० दिवसांचाच असतो, म्हणून वेगळी ट्रेल चालू करून लॉग दुसऱ्या खात्यातल्या, डिलीट न करता येणाऱ्या बकेटमध्ये (एस-थ्रीतल्या कप्प्यात) टाकतात.